दोन कॉलम, आठ सेंटिमीटर

साखर पेठेत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीतून
मी लेख पाठवते.
माझे नव्हेत. मंगळवेढ्याच्या नदाफ सरांचे,
अक्कलकोटच्या हिरेमठ बाईंचे, आणि एका माणसाचे
जो राजकारणावर लिहितो आणि नाव विचारू नका म्हणतो.
एक लेख, अकरा गावं.
लातूरला सायंदैनिक, बेळगावला साप्ताहिक,
जळगावला रविवारची पुरवणी,
परभणीला ते मासिक, ज्यांचा चेक
तीन दिवाळ्या झाल्या, ‘निघालाय’.

वडील जेकार्डची कार्डं पंच करायचे.
एका संचात एक मोर,
तोच मोर चारशे चादरींवर,
चारशे घरांत वेगवेगळ्या घोरण्यावर पसरलेला.
लोक विचारतात, हा कसला धंदा,
एकच मजकूर अकरा जणांना विकायचा?
मी म्हणते, आमच्यात हे पिढीजात आहे.
फक्त वडलांचा मोर कुणी मानेपासून कापत नव्हतं.

सरांचा मुंग्यांवरचा लेख घ्या. नऊशे शब्द.
लातूरनं मथळा दिला : मुंग्यांकडून शिका काटकसर.
लेखात काटकसर हा शब्दच नव्हता.
जळगावनं झुरळाचा फोटो लावला.
बेळगावनं सरांचं नाव काढून ‘आमच्या प्रतिनिधीकडून’.
सांगलीनं बालविभागात टाकला, इस्लामपूरनं आरोग्यात.
शेवटचा परिच्छेद
कुणीच छापला नाही.
तिथं जाहिरात येते. नेहमी तिथंच येते :
मूळव्याध, बोअरवेल, वधूवर मेळावा.

आई टॉवेलच्या दशा वळायची, शेकड्यावर.
शेजारी पाण्याची वाटी.
कापड कापलं की कड सुटते
आणि सुटती कड गिऱ्हाईक घेत नाही.
टीव्ही बघताना, शेजारणीशी भांडताना,
मला तेलुगूत शिव्या घालताना
तिची बोटं आपली वळतच असायची.

मी कापल्या गेलेल्या शेवटांची एक फाइल ठेवलीय.
वर लिहिलंय : दशा.
आत हिरेमठ बाईंच्या कडक भाकरीच्या लेखातलं
त्यांच्या नवऱ्याबद्दलचं एकुलतं एक वाक्य,
राजकारणवाल्याचा, अकराही संपादकांनी उडवलेला,
एक ‘कदाचित’,
आणि सरांच्या मुंग्या.

वाळवंटातली मुंगी पावलं मोजून घरी येते, सर लिहितात.
शास्त्रज्ञांनी तिच्या पायांना राठ केस चिकटवले, पाय लांब केले.
ती घर ओलांडून पुढं गेली
आणि तिथं, काहीच नसलेल्या जागी,
दार शोधत राहिली.
तिचा आकडा बरोबर होता. पाय दुसरे होते.
त्याखाली बारीक अक्षरात :
(पुढील वाक्य नको असल्यास काढावे.)
माझा मुलगा बंगळुरूहून आला की
आमच्या गल्लीच्या पुढच्या चौकात उतरतो.

परवा रात्री साडेदहाला लातूरचा फोन.
बोअरवेलवाल्यानं जाहिरात मागं घेतली,
दोन कॉलम आठ सेंटिमीटर रिकामं,
पान सुटायचंय, काहीही द्या मॅडम.
मी फाइल उघडली.

सकाळी आलं : नुसता शेवट.
सुरुवात नाही, मथळा नाही.
कंस मात्र होता, कंसातली सूचना होती,
आणि नको असल्यास काढायचं ते वाक्यही.

दुपारी सर फोनवर, मागं बाजाराचा गोंगाट.
“अगं, सुरुवात कुठाय?”
म्हटलं, लातुरातच सर. गेल्या मे महिन्यात.
हसले काय की, नीट ऐकू आलं नाही.
मग म्हणाले, मुलाला कुणीतरी पाठवलं, त्यानं वाचलं.
काय म्हणाला?
विचारत होता, याचे किती मिळाले.
एकशे ऐंशी, मी म्हटलं. यायचेत अजून.
आणि तो? येतोय का?

“म्हणतो, निघालोय.”