जिभेखालचा दोरा

सावद्याच्या स्टँडवर तिकीट मीच मागते.
हे 'रावेर' म्हणत नाहीत.
माझं नाव सरला, हाक मात्र 'अगं';
सासूबाईंना तो संस्कार वाटतो.

लेक छातीशी यायची, सुटायची,
घामाघूम, उपाशी.
शेजारीण म्हणाली, तुले दूधच नही.
जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी बोटानं जीभ उचलली:
खाली दोरा,
केळीच्या सोपातल्या धाग्याएवढा.
कात्री. रक्ताचा एक ठिपका.
मग ती प्यायली, माझा पदर मुठीत धरून.

"आता तुम्ही आ करा," बाई यांना म्हणाल्या.
चौतीस वर्षांत
तिथं कुणी पाहिलंच नव्हतं.

टाके विरघळले.
वरच्या ओठाला गूळ लावून
रोज आरशापुढे जीभ तिथवर नेतात.
काल ओट्यावरून हाक आली:
"सल्ला!"
शेजारीण हसली.
मी ओ दिली.