दांडेकर पुलापाशी

पहाटे चारला सणस मैदानाबाहेर
आम्ही काहीशे माणसं, अर्ध्या चड्डीत कुडकुडत,
हवेत बामचा वास, कुणाच्या तरी घड्याळाची टिटटिट.
शेजारी फडतरे, साठी उलटलेले, वाकून लेस बांधत विचारतात,
"तयारी?"
मी म्हणतो, "आहे की."

तयारी म्हणजे सतरा किलोमीटर, एकदाच,
तेही तळजाईवर मध्येच बसून उसाचा रस प्यायलो, ते धरून.

जानेवारी उजाडला तरी गॅलरीत लटकणारा आकाशकंदील
उतरवताना स्टूल हललं, आणि घोट्यात
सुतळी तुटावी तसं काहीतरी तुटलं.
घोटा म्हणजे आपल्याला एक शब्द.
आत किती दोऱ्या असतात, ते तेजल ओसवालने
टेबलावरचा प्लास्टिकचा पाय वाकवून दाखवलं.
"अर्धी मॅरेथॉन. तीही निम्मी चालत," ती म्हणाली.
"अर्धीच," मी म्हणालो.
शलाकालाही तेच सांगितलं. आठला ये, मी हळू येईन.

नाव मात्र पूर्णसाठी होतं,
पडण्याआधीच, सवलतीत नोंदवलेलं.
पुण्यात माणूस भरलेले पैसे सोडत नाही,
वेळ आली तर पाय सोडतो.

पहिली फेरी अंधारात गेली.
अंधारात दुखणंसुद्धा दुसऱ्याचं वाटतं.
राजाराम पूल, आनंदनगर, वडगाव, नांदेड सिटी,
आणि परत.
एकविसाव्याला मैदानाचं फाटक. अर्धीवाले डावीकडे आत,
आत केळी, खुर्च्या, कुणीतरी मेडल गळ्यात घालतंय.
मी घोट्याला विचारलं नाही.
विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

चोविसाव्याला माकडटोपीतले एक आजोबा
दुधाची पिशवी सावरत थांबले.
"हे पैसे भरून करता?"
"हो."
"किती?"
आकडा ऐकून त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं,
मग तोंडाकडे, मग काही न बोलता रस्ता ओलांडला.

सव्विसाव्यानंतर मी पळत नव्हतो.
पळण्यासारखं काहीतरी करत होतो,
सुजलेला बूट एखाद्या हट्टी पोरासारखा
मागून फरफटत आणत होतो.
पाण्याच्या टेबलावर पाणी संपलेलं,
ग्लास गोळा करणारा पोरगा तेवढा टाळ्या वाजवत होता,
एकटाच, हातात झाडू धरून.

वडगावात फोन वाजला.
"कुठे आहेस?"
"दांडेकर पुलापाशी. आलोच."
पलीकडे रिक्षांचा आवाज.
"मीही दांडेकर पुलापाशीच उभी आहे," शलाका म्हणाली.
"समोरच्या दुकानाची पाटी कुठल्या रंगाची आहे, सांग."
वीस वर्षं या शहरात.
हजार वेळा गेलो असेन त्या पुलावरून.
"पिवळी," मी म्हणालो.
तिने फोन ठेवला.

वीस मिनिटांनी अ‍ॅक्टिव्हा येऊन उभी राहिली.
मी वाट पाहिली, बस मागे, म्हणेल.
खरं तर वाटत होतं, म्हणावं.
तिने डिकीतून माझ्या घरातल्या रबरी चपला काढल्या,
त्या ती दर वेळी आणते,
मी कधी विचारलं नाही का.
उकिडवी बसून तिने लेस सोडली,
घोटा पाहिला. बराच वेळ पाहिला.
"पैसे भरलेत ना," ती म्हणाली.

मग ती पुढे जाऊन थांबायची,
मी तिच्यापर्यंत पोचायचो,
ती पुन्हा गाडी सुरू करायची.
नांदेड सिटीचं वळण. धायरी फाटा. ऊन.
बॅरिकेड टेम्पोत चढत होते, रस्ता पुन्हा गाड्यांचा झाला होता,
हॉर्न वाजवणाऱ्यांना मी चपलांत चालणारा
कुणीतरी रविवारचा माणूस होतो,
छातीवर नंबर कशाला लावलाय कोण जाणे.
फडतरे कधीच पोचले असणार. जेवायला बसले असणार.

बाराला दहा कमी असताना पूल आला.
शलाका गाडी कडेला लावून माझ्याबरोबर चालू लागली.
बोललो नाही. दोघांनीही
एकाच वेळी समोर पाहिलं.

पाटी हिरवी होती.