कायम

जिल्हा न्यायालय, विजयनगर, सांगली.
दुसरा मजला, जिन्यालगतचं टेबल.
आठ वर्षं मी इथे एक शब्द टाइप करते आहे
आणि आठ वर्षं त्याच शब्दाची वाट बघते आहे.

"अपील फेटाळण्यात येत आहे.
खालच्या न्यायालयाने दिलेली शिक्षा कायम."

क, काना, य, म.
चार कळा.
बोटांना आता मला विचारावं लागत नाही.

माझी नेमणूक अकरा महिन्यांची.
मग एक दिवस खंड,
मग पुन्हा अकरा.
त्या एका दिवशी मी सरकारची कुणीच नसते.
एकदा तो दिवस घालवायला मार्केट यार्डात गेले,
हळदीचे सौदे बघत उभी राहिले.
पोत्यावर बसलेला एक म्हातारा अडत्या सांगत होता,
पूर्वी भाव रुमालाखाली ठरायचा,
बोटं दाबून. तोंडानं कुणी काही बोलायचं नाही.
मला ते फार बरं वाटलं.
पिवळी पावलं घेऊन घरी आले.

नवरा कवलापूरच्या पुढे एका शाळेत.
फलकावर ठळक 'शासनमान्य',
खाली बारीक अक्षरांत 'कायम विनाअनुदानित'.
एकाच कागदावर मान्यताही आणि उपासही.
मग एका वर्षी निर्णय निघाला,
'कायम हा शब्द वगळण्यात येत आहे.'
त्या संध्याकाळी अर्धा किलो पेढे आणले त्यानं,
शेजारीपाजारी वाटले.
शब्द गेला.
अनुदान अजून वाटेत आहे.
तो शाळा सुटल्यावर द्राक्षांच्या पेट्यांना कागद लावायला जातो,
मुलं त्याला तिथेही सरच म्हणतात.

मागच्या मंगळवारी व्हरांड्यात म्हाकू बंडगर,
राहणार जत तालुका,
पाणबुडी मोटार चोरीला गेली तेव्हा
टेम्पोत मागे बसलेला.
सहा महिने साधी कैद.
हवालदाराला चहा हवा होता म्हणून दोघं थांबले,
माझ्या टेबलाला टेकून.

"ताई, सायब 'कायम' म्हणालं.
म्हंजे जलमठेप?"

नाही हो, सहाच महिने.

"मग कायम कशापायी म्हणायचं?"

खालच्या कोर्टाचं वरच्यानं मोडलं नाही,
एवढाच अर्थ, मी म्हणाले,
आणि म्हणताना मलाच तो अर्थ
फार मोठा वाटला.

त्यानं टोपी काढून परत घातली.
माझ्या टेबलाकडे बघितलं,
पंखा, डबा, फायलींच्या खाली ठेवलेलं स्वेटर.
"तुमी तरी कायम हाय न्हवं हितं?"

हवालदार मोठ्यानं हसला.
चहा आला. तिसरा कप मी मागवला,
पैसे मी दिले.
बशीतला चहा फुंकताना बंडगरचा हात थरथरत नव्हता.
बिस्किटाचं त्याला मी विचारलं नाही,
ते अजून टोचतं.

शुक्रवारी शिरस्तेदारांनी एक मसुदा पाठवला.
"स्वच्छ प्रत काढा, तीन प्रती."
वाचायची सवय गेली आहे,
बोटं पुढे, डोळे मागे.
विषय: कंत्राटी टंकलेखकांचा विनंती अर्ज.
तिसऱ्या ओळीत माझं नाव होतं.
आडनावात एक काना कमी,
तो मी घातला.
चौथी ओळ:
"सबब, विद्यमान स्थिती कायम ठेवण्यात यावी."

क, काना, य, म.
एकदाचा आला माझ्या नावाखाली.
शाई चांगली उमटली होती,
तिन्ही प्रतींवर.

शिरस्तेदार म्हणाले, चूक एकही नाही.

घरी पोहोचल्यावर कॅलेंडर उलटून मोजलं.
बंडगर चैत्रात सुटेल.
त्याच आठवड्यात
माझा खंड.