वगळलेल्या गोष्टी

फर्मागुडीच्या हॉस्टेलात, खोली दोनशे चौदा,
विम्याचा फॉर्म भरतोय.
निळं पेन चालत नाही, माजीकबाईंनी बजावलंय.

लॅपटॉप : बेचाळीस हजार. पावती आहे.
सायकल : पावती नाही. साखळी आहे, कुलूप आहे,
चावी मिंगेलकडे.
मनगटी घड्याळ… लिहू की नको?
दहावीला मामानं दिलेलं, पाच मिनिटं मागे असतं.

बाबांनी फोनवर एवढंच विचारलं, हप्ता किती.

खाण बंद पडली तेव्हा आमचा ट्रक
सात वर्षं पिसुर्ल्याच्या अंगणात उभा होता.
टायरांवरून घोसाळ्याचा वेल टपापर्यंत गेला,
आई तिथूनच भाजी काढायची.
तरी दर वर्षी बाबा त्याचा विमा भरत राहिले.
उद्या सुरू झाली तर?

शेवटी भंगारवाला आला.
त्या पैशांतला हा लॅपटॉप.
हे लिहायला फॉर्मवर रकाना नाही.

मागच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत :
आग, चोरी, दंगल यांची भरपाई मिळेल.
ओल, गंज, बुरशी यांची मिळणार नाही.
मी मोठ्यानं वाचलं.
मिंगेलनं उठून स्वतःची गादी उलटी केली,
खालून हिरवीगार, लव आलेली.
“मागीर गोंयांत विमो कित्याक रे?”
हसता हसता त्याला ठसका लागला.

सायकल खोडली.
घड्याळ लिहिलं, किमतीपुढे रेघ ओढली.
सही. तारीख. वेळ.
वेळ मनगटावर पाहूनच लिहिली,
पाच मिनिटं मिळवून.