अजून काही बांधलेलं नाही

सकाळचे नऊ, ओउलुत अजून अंधारच.
काचेवर दंवाची नक्षी, खाली बर्फ खरवडत जाणारा ट्रॅक्टर,
आणि माझ्यापुढे, औलिस, तुझाच लॅपटॉप,
कडेला मासेमारीच्या दुकानाचं सोललेलं स्टिकर,
आत एक फोल्डर, सात फायली आणि एक टिपण:
'हात लावण्याआधी फोन कर.'

नाही केला.
नव्या माणसाची खोडच असते ती.
काळ्या पडद्यावर 'इनिट' टाकलं
आणि हात मागे घेतले, तापल्या तव्यावरून घ्यावेत तसे.

त्यानं आधी तुझ्या फायली वाचल्या,
जुन्या कारकुनासारख्या, शब्द न गाळता.
कामाला कोण कोण लागणार त्याची यादी केली.
एक जण ढगातली यंत्रं भाड्यानं घेणारा,
एक नाव-पत्ते लावणारा,
आणि एक नुसता चिठ्ठ्या टाकून आकडे काढणारा
(हा तू कशाला ठेवला होतास?)
लांबच्या कोठारातून एकेकाला बोलावलं,
दारातच अंगठा घेतला,
कुलपाच्या फायलीतल्या अंगठ्याशी ताडला.
तिसऱ्याची नवी आवृत्ती बाजारात आली होती,
तरी मागच्या हिवाळ्यातलाच आत घेतला.
मग टिंबानं सुरू होणारं एक लपलेलं फोल्डर,
त्यात सगळी हत्यारं, सुतारानं मांडावीत तशी.

आणि थांबलं.

'जुनी वही सापडली. नव्या जागी नेऊ का?
येस म्हणा. नो म्हणालात तर कोऱ्या वहीपासून सुरू करतो.'
मी 'यो' लिहिलं.
आमच्याकडे होकार असाच देतात, श्वास आत ओढून.
त्याला श्वास कळला नाही. परत तेच विचारलं.

तेव्हा केला फोन.
तू हाइलुओतोच्या पलीकडे, बर्फाला भोक पाडून बसलेला,
कानात वारा, मध्येच दोर गुंडाळल्याचा आवाज.
'नाही म्हणू नकोस. त्याला वाटेल इथे काहीच नाही.
समुद्रात तेरा मापकं बसलेली, सर्व्हर चालू,
आणि हा म्हणेल, मोकळं रान!
सगळं नव्यानं उभं करायला घेईल.'
'एकूण सामान किती आहे?'
'मोजलं नाही कधी. लिहून ठेवलंय.'
मग बराच वेळ काहीच नाही.
आमच्या फोनवर याचा अर्थ लाइन तुटली असा नसतो.
'इनिटनं माझं आजवर काही मोडलेलं नाही. शंभरदा चालव.
भ्यायचं ते पुढच्या आज्ञांना.'

येस.

तुझी आठ हिवाळ्यांची वही
तुझ्या लॅपटॉपातून निघाली
आणि नगरपालिकेच्या कपाटात जाऊन बसली,
जिथे एकानं उघडली की दुसऱ्यानं थांबायचं.
हिरवी ओळ आली. तयारी झाली म्हणे.

कॉफीपाशी सिनिक्कानं विचारलं, सकाळपासून काय केलंस?
काय सांगणार.
एक खिळा ठोकला नाही. एक यंत्र वाढलं नाही.
माणसं आली, हत्यारं मांडली, वही जागेवर ठेवली.
ती म्हणाली, म्हणजे काहीच नाही.
मी म्हटलं हो, तेच,
आणि दुसरा कप भरून घेतला.

दुपारी तुझाच फोन. 'बर्फ किती?'
सातव्या मापकाशी एकतीस सेंटिमीटर.
चाळीस झाल्याशिवाय रस्ता उघडणार नाही.
'मग स्कीवरून येतो,' म्हणालास,
'चावी द्यायची राहिलीय, सर्व्हरच्या खोलीची.'
आणि ठेवता ठेवता:
'वहीचा नवा पत्ता लिहिलेली फाइल
बाकीच्यांसाठी गिटमध्ये टाकलीस ना?'

नव्हती टाकली.