थोडक्यात

रुवीत, बँकेच्या मागच्या गल्लीत,
झेरॉक्स, व्हिसा, पासपोर्ट फोटो आणि टायपिंग
असं चार भाषांत रंगवलेल्या काचेआड
मी बसते. अकरा वर्षं झाली.
आज दुपारच्या बांगेनंतर दत्ताराम शिगवण आले,
मुक्काम वादी कबीर, मूळचे गुहागरकडचे,
एसी दुरुस्त करतात.
हातात पिशवी, पिशवीत पिशवी,
आणि तिच्यात
तेलाचे डाग पडलेलं एक कार्ड.

"ताई, लिहा. जुनी पिकअप घेतली.
दोन हजार दीडशे रियाल.
मीटरवर चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर.
आणि हे सीटखाली सापडलं,
हैमाच्या गॅरेजचं, ऑइल बदललं तेव्हाचं.
तीन लाख बारा हजार.
तारीख बघा. दोन वर्षांपूर्वीची."

ग्राहक संरक्षणाच्या अर्जात
चौकट सात: तक्रारदाराचे म्हणणे, थोडक्यात.
अलिफ-बे मी केळशीच्या मदरशात शिकले,
तिथं किलोमीटर हा शब्द नव्हता.
इथं शिकले. फसवणूक, भरपाई, उपरोक्त विक्रेता.

शिगवण सांगत गेले, मी गाळत गेले.
हरामखोर गाळला.
त्याच्या सात पिढ्या गाळल्या.
विकणारा मराठीत बोलला होता,
"गाववाले, तुम्हाला फसवून मी जाईन कुठं"
असं म्हणाला होता,
चहाबरोबर घरची चकली काढली होती,
तेही गाळलं.
चकलीला अरबीत काय म्हणतात मला ठाऊक नाही,
आणि ती पुरावा होत नाही.
"पण ताई, त्या चकलीमुळंच तर
मी न वाचता सही केली."

चौकट आठ: नुकसान.
गिअरबॉक्स चारशे दहा. टोइंग पस्तीस.
सुवेकच्या रस्त्यावर बंद पडली
त्या दिवसाची मजुरी अठरा.
मी बेरीज केली, चारशे त्रेसष्ट.
ते गप्प बसले. मग म्हणाले,
"आणि दोन लाख अठ्ठावीस हजार
कुठं लिहायचे?"
कुठले?
"पुसलेले.
कोणीतरी चालवलेत ना ते.
हैमा ते सलाला, रात्रीचं,
धुक्यात उंट आडवे येतात तिथं.
सीट खचलीय ताई त्याच्या बसण्यानं.
माझ्यापेक्षा जड माणूस असणार.
आणि सामानाच्या कप्प्याच्या झाकणाला, आतून,
पेन्सिलीच्या रेघा आहेत.
पाच-पाचाच्या जुड्या, शेवटची तीनचीच.
फेऱ्या मोजल्या असतील,
नाहीतर घरी जायचे दिवस.
मी पुसल्या नाहीत."

कर्सर लुकलुकत होता
चौकटीच्या उजव्या टोकाला.
अशी चौकट नाही, मी म्हटलं.
म्हणजे म्हटलं नाही, मान हलवली.
माझ्या रेसिडेंट कार्डावर हुद्दा सेल्स क्लार्क आहे.
मी आयुष्यात कुणाला काही विकलेलं नाही.
ते कुठं लिहायचं
हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

सोबत जोडले: पावती, फोटो चार, कार्ड एक, मूळ.
मूळ द्यावं लागेल म्हटल्यावर
त्यांनी कार्डाची झेरॉक्स मागितली.
दोन्ही बाजूंची.
मागची बाजू कोरी आहे, मी म्हटलं.
"असू दे."

टायपिंगचे दीड रियाल.
तक्रारीचा क्रमांक मोबाईलवर आला,
तो त्यांनी मला वाचायला लावला, दोनदा.
दाराशी थांबले.
"तोवर गाडी चालवू ना?"
चालवा, म्हटलं. पण आजचा आकडा
लिहून ठेवा.

काचेतून दिसत होतं,
पिकअपचं दार उघडं, एक पाय बाहेर उन्हात,
मीटरकडे वाकून
शिगवण तळहातावर आकडा लिहीत होते.
घामावर पेन उमटेना.
झटकायचे, पुन्हा लिहायचे.