नऊचा फरक

अमळनेरला आमचं कोर्ट जिनिंगच्या भिंतीला लागून.
डिसेंबर उजाडला की कापूस उडतो,
सिमेंटवर बसतो, चेंडूला चिकटतो,
म्हणून सरावाआधी ओलं पोतं फिरवायचं,
आणि ते काम जी बाकावर असेल तिचं.
म्हणजे माझं.

ऑक्टोबरात आम्ही ओळीने चार हरलो.
शिरपूरने तर अशी धुलाई केली
की देवरे सर परतीच्या एसटीत
बेटावदपर्यंत कंडक्टरशीच बोलत राहिले.

मग काय झालं कुणास ठाऊक.
थंडी पडली. रमिला पावराचा डावा हात सुटला.
हर्षदा बडगुजर पास देऊ लागली,
दोन वर्षांत पहिल्यांदा.
आणि तबस्सुम पिंजारी, आमची कॅप्टन,
जिचे आजोबा गावोगाव गाद्या पिंजत फिरले,
ती त्या उडत्या कापसातून अशी पळायची
जशी घरातल्या घरात.
धुळे घेतलं. पारोळा घेतलं.
दोंडाईचा, तेही त्यांच्या मैदानात,
एका गुणाने, पंचाची शिट्टी ओठांवर आलेली असताना.

आता तक्ता असा:
पहिलं शिरपूर, त्याला कोण हलवणार.
दुसरे आम्ही, नाहीतर चोपडा.
दुसरं म्हणजे आंतरविभागीय,
म्हणजे जळगाव, लाकडी फ्लोअर, डोक्यावर छत,
पाठीवर आडनाव छापलेली जर्सी.
चोपड्याचे सामने संपलेले.
आमचा एक उरलेला, शहाद्याशी, घरच्या कोर्टवर,
आणि जिंकायचं ते नऊने.
आठने चोपडा.

माझा घोटा सुजलेला, म्हणून टेबलाशी मी.
हमाल जेवणाची सुट्टी वाढवून भिंतीवर बसलेले,
कुणीतरी भरीत-पुरीचा डबा उघडलेला,
वास थेट गुणपत्रकावर.
तिसऱ्या डावात शहाद्याच्या सात नंबरला फ्री थ्रो.
मी गोल काढला.
गेला तर भरायचा, हुकला तर रिकामा ठेवायचा.
तेवढ्यात डोळ्यात तंतू.
चोळून पाहिलं तर जाळी हलत होती
आणि चेंडू रमिलाच्या हातात, पलीकडे, पुढे.
मी पुढचं लिहीत गेले.

बावन्न-त्रेचाळीस.
हमालांनी उड्या टाकल्या. सरांचा चष्मा पडला.
तबस्सुम टेबलावर ओणवी, घामाचा थेंब माझ्या कागदावर,
"नऊ शेतस ना वं?"
मी मान हलवली.

मग सही करायच्या आधी
कागदावर वरून खाली बोट फिरवताना
तो गोल.
त्यांनी मोजलं नव्हतं. हरलेल्याला एका गुणाचं काय.
जाळी हललेली मला एकटीला ठाऊक,
आणि जाळी वाऱ्यानेही हलते,
असं मी स्वतःला दोनदा सांगून पाहिलं.
वारा नव्हता.
कापूस सरळ खाली पडत होता.

सात नंबर बूट सोडत बसली होती.
विचारलं. ती म्हणाली,
"गेला होता की. मला वाटलं, तुम्ही धरला."

मी पेन उघडलं आणि गोल भरला.
केवढासा. तुरीच्या दाण्याएवढा.
भरायला मात्र वेळ लागला.

कुणी काही बोललं नाही.
हर्षदाने माझी बॅग उचलली नाही, एवढंच.
रोज उचलायची, घोट्यामुळे.
सरांनी चहा सांगितला, पंधरा कप,
आणि तो तसाच निवला.

सकाळी साडेपाचला पोतं भिजवून गेले,
सवय म्हणून, दुसरं काही नाही.
अर्धं कोर्ट आधीच पुसलेलं.
तबस्सुम रेषेवर, स्वेटर कमरेला बांधलेला.
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"मोज वं."
पहिला आत.
दुसरा रिंगवर नाचून बाहेर.
"कितला?"
"एक," मी म्हणाले.
भोंगा झाला. हमाल आत गेले.
एकोणचाळीस झालेत,
ती अजून टाकतेय.